माझी रेघ चौकात लागली तेव्हा

मालाची बिन, म्हणजे पार्ट भरलेली मोठी पेटी, तपासायला आली की वरच्या थराला हात लावायचा नाही. हा नियम मला कोणत्या पुस्तकानं शिकवला नाही, एका गोड बोलणाऱ्या पुरवठादारानं शिकवला.

चाकणच्या ज्या कंपनीत मी सव्वीस वर्षं क्वालिटी खात्यात काढली, तिथे दुचाकीच्या सीटखाली बसणाऱ्या लोखंडी ब्रॅकेट तयार व्हायच्या. पत्रा बाहेरच्या छोट्या वर्कशॉपमधून कापून, वाकवून यायचा आणि आमच्याकडे त्याचं वेल्डिंग व्हायचं. आलेला माल घ्यायचा की परत पाठवायचा, हे ठरवणं माझं काम. नवा होतो, कडक इस्त्रीचा शर्ट घालायचो आणि खिशाला दोन पेनं लावायचो. हा पुरवठादार आला की आधी भेळेचा पुडा टेबलावर ठेवायचा, मग म्हणायचा, ‘‘साहेब, तुमच्यासारखी नजर अख्ख्या चाकणमध्ये नाही.’’ अशी नजर असलेला माणूस मग बिनमधले वरचे दहा पार्ट उचलायचा, मापायचा, खूश व्हायचा आणि शिक्का मारायचा. वरचे दहा पार्ट आरशासारखे असायचे. खालचे वाकडे. असं तीन महिने चाललं. शेवटी लाईन बंद पडली तेव्हा आमचे त्या वेळचे साहेब मला त्या बिनपाशी घेऊन गेले आणि सगळ्या शॉपसमोर म्हणाले, ‘‘वाळिंबे, डोकं घाल आत. तळ दिसतोय का बघ.’’ मी खरोखरच डोकं घातलं. चष्मा आत पडला. तो काढायला पार्ट उपसावे लागले, आणि अशा रीतीनं माझ्या हातून पहिल्यांदा पूर्ण बिन तपासली गेली.

तेव्हापासून कोणत्याही सभेत व्यासपीठावर हार घातलेले चार समाधानी लाभार्थी उभे केले की माझी मान आपोआप खाली वळते. तळ कुठे आहे ते शोधतो. उरलेले कुठे बसलेत, कोणी त्यांना बोलावलंच नाही का, हे विचारायची खोड लागली.

निवृत्त झाल्यावर ही खोड सोसायटीच्या कामाला आली. आम्ही काळेवाडीत राहतो. मागच्या निवडणुकीत एक उमेदवार पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून बोलायला आले. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड, तेही लाजत लाजत. मी उभा राहून विचारलं, ‘‘पाणी रोज कधी येणार?’’ उमेदवार म्हणाले, ‘‘काका, हा प्रश्न विचारणारे मागच्या वेळी गप्प का होते?’’ टाळ्या पडल्या. मी टाळ्या संपू दिल्या. म्हटलं, ‘‘मागच्या वेळी मी गप्प होतो, ही माझी चूक. मान्य. पाणी कधी येणार?’’ मग ते त्यांच्या विरोधकाच्या बंगल्यातल्या पोहण्याच्या तलावाबद्दल बोलले. छान बोलले. मी म्हटलं, ‘‘त्या तलावाला पाणी येतं हे कळलं. आमच्या नळाला कधी?’’ आमच्या सौ. सुनंदा मागून शर्ट ओढत होत्या. मी चौथ्यांदा विचारल्यावर उमेदवारांनी ‘‘बघतो’’ असं एक सरळ उत्तर दिलं. चहा मात्र त्यांच्याकडूनच होता, तो मी दोनदा घेतला.

हे ऐकून लोकांना वाटतं, वाळिंबेंना कोणी फसवू शकत नाही. सोसायटीतले लोक फोनवर आलेली भाषणं मला तपासायला पाठवतात. कोणी म्हणतं ‘काका, यात काय खोट?’ आणि मी ती पाच मिनिटांत काढून देतो. पण एवढी शेखी मिरवल्यावर खरं सांगायलाच हवं. आमच्या पट्ट्यातला त्या काळातला सगळ्यात गाजलेला खोटा राजकीय युक्तिवाद कोणी तयार केला असेल, तर मी. स्वहस्ते. रंगीत पेननं. खाली सही करून.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. कंपनीनं मागच्या बाजूला नवी पत्र्याची शेड टाकली होती आणि काम वाढलं म्हणून अकरा वेल्डर कॉन्ट्रॅक्टवर घेतले होते. सगळे लातूरकडचे. मार्चमध्ये ते नव्या शेडमध्ये उभे राहिले आणि एप्रिलपर्यंत वेल्डमध्ये छिद्रं यायला लागली. टाचणीच्या टोकाएवढी, पण ब्रॅकेटवर माणूस बसणार, त्यामुळे एकही चालत नाही. लाल टॅग लावलेल्या, म्हणजे नापास मालाचा ढीग माझ्या केबिनच्या खिडकीपर्यंत आला.

आता आमच्या धंद्यातली एक पद्धत सांगतो. शॉपमध्ये काही बदललं की ते एका रजिस्टरमध्ये लिहायचं असतं. नवा माणूस आला, नवं मशीन आलं, माल बदलला, कामाची पद्धत बदलली, की त्या तारखेला नोंद. मग बिघाड झाला की रजिस्टर उघडायचं, आधी काय बदललं ते बघायचं. मी उघडलं. मार्चमध्ये एकच नोंद होती: अकरा नवे वेल्डर रुजू. बस. मी मोठ्या कागदावर आलेख काढला. रोज किती माल नापास झाला त्याची चढती वाकडी ओळ निळ्या पेननं, आणि ज्या दिवशी ते अकरा जण आले त्या दिवसावर लाल पेननं वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ. रेघेच्या अलीकडे ओळ सपाट, पलीकडे चढ. इतका सुंदर आलेख मी उभ्या नोकरीत काढला नव्हता. कॅन्टीनच्या वाटेवरच्या बोर्डावर लावला आणि येता-जाता पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी बापू केबिनमध्ये आले. बापू म्हणजे आमच्या युनियनचे अध्यक्ष, इथल्याच गावचे, जुन्या शेडमधले कायम कामगार, आणि त्या वर्षी पंचायत समितीला उभं राहायच्या तयारीत असलेले.

‘‘वाळिंबे साहेब, तुमी तर कमाल केली राव! आमी महिनाभर कोकलतोय ते तुमी एका कागदात दावलं.’’

मला वाटलं, माझ्या आलेखाच्या अक्षराचं कौतुक चाललंय. म्हटलं, ‘‘रंग जरा गडद घेतले.’’

‘‘लई झ्याक. फकस्त खाली सही न्हाई. तुमच्यासारख्या मानसानं सही केली म्हंजी कागदाला वजन येतं.’’

मी सही केली. नुसती नाही, खाली दोन टिंबं देऊन. बापूंनी मोबाईलवर फोटो काढला आणि चहा न घेता गेले. राजकारणी माणूस चहा न घेता जातो तेव्हा त्याचं काम झालेलं असतं, हे मला पुढे कळलं.

शनिवारी सकाळी सुनंदा फोन घेऊन स्वयंपाकघरातून आली. ‘‘अहो, तुमचं नाव फ्लेक्सवर? वाढदिवस तर नाही आज.’’

चाकणच्या चौकात वीस फुटी फ्लेक्स लागला होता. डावीकडे काळा गॉगल घातलेले बापू. उजवीकडे माझा आलेख, लाल रेघ पाईपाएवढी जाड. वर लिहिलेलं: ‘बाहेरचे आले, दर्जा गेला! आता आकडेच बोलतात!’ खाली माझी दोन टिंबांची सही आणि ‘क्वालिटी तज्ज्ञ वाळिंबे साहेब यांचा अहवाल’. कंपनीचं नाव नव्हतं, पण चौकातल्या भाजीवालीलाही ते माहीत होतं. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी विचारलं, ‘काका, चिन्ह कोणतं मिळालं?’

खरं सांगतो, मला राग आला नाही. आधी जरा बरंच वाटलं. वीस फुटी सही रोज कोणाची लागते?

सोमवारी कामावर गेलो तर कळलं, पुढच्या सोमवारी गेट मीटिंग आहे, म्हणजे शिफ्ट बदलताना फाटकाशी कामगारांची सभा. ठराव एकच: बाहेरच्या अकरा जणांना काढा, स्थानिकांना घ्या. बापूंनी ठराव केला आणि मॅनेजमेंटला माझा आलेख दाखवला, की कॉन्ट्रॅक्टरला एका फोनमध्ये माणसं परत न्यायला सांगितली असती. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाला काढायला काही कागद लागत नाही.

दुपारी माणिक सोळंके माझ्या दारात उभा राहिला. त्या अकरा जणांतला सगळ्यात वयस्कर, चाळिशीचा, हातमोजे काखेत धरलेले.

‘‘साहेब, एक विचारू का? राग नाही ना येणार?’’

‘‘विचार.’’

‘‘तुमच्या कागदाचं विचारायलोय.’’

मी खुर्चीत ताठ झालो. ‘‘हे बघ माणिक, आकडे खोटं बोलत नाहीत.’’

‘‘आकड्याचं नाही ओ म्हणायलोय मी,’’ तो म्हणाला. ‘‘रेघंचं म्हणायलोय. आमी आलो त्या दिवशी तुमी रेघ मारलीत. बरोबर हाय, आलो आमी त्याच दिवशी. पण त्या महिन्यात अजून काय काय आलं, त्याची रेघ कुठंय?’’

‘‘रजिस्टरला दुसरी नोंद नाही.’’

‘‘रजिस्टरला नसंल साहेब. शेडला असंल की.’’ मग म्हणाला, ‘‘मी मागच्या महिन्यात कुटुंब आणलं इकडं. कुरुळीत खोली केली. पोरीचा गावाकडच्या शाळेतून दाखला काढून आणलाय, जूनमध्ये इथं आठवीला घालायची. आता परत जायचं म्हणलं तर ती शाळा म्हणंल, नेला कशाला होता? तुमी एकदा शेडला येऊन बघा, एवढंच म्हणायलोय.’’

त्याला खोटं पाडायला म्हणून मी उठलो. हे कबूल करायला लाज वाटते, पण सत्याच्या शोधात वगैरे नव्हतो मी. आलेख बोर्डावरून काढून हातात घेतला, की समोर धरून दाखवावं.

माणिकच्या मागोमाग नव्या शेडमध्ये पाय ठेवला आणि भट्टीत शिरल्यासारखं झालं. डोक्यावर पत्रा, वर एप्रिलचं ऊन. बाकीचे दहा जण उघड्यावर ओळीनं वेल्ड करत होते आणि त्यांच्या मागे ड्रमएवढ्या तोंडाचे चार उभे पंखे गरगरत होते. मी मधोमध उभा राहिलो, आलेख दोन्ही हातांनी उंच धरला, घसा साफ केला आणि कागद उडाला. नुसता सुटला नाही, उडाला. मी त्याच्यामागे धावलो, तो पुढे. एका टेबलावरून, दुसऱ्या टेबलाखालून, शेवटी भिंतीला जाऊन चिकटला. दहाच्या दहा जणांनी काम थांबवून तोंडावरची ढाल वर केली. माणिक शांतपणे म्हणाला, ‘‘साहेब, तुमची रेघ उडाली.’’

भिंतीला चिकटलेला कागद सोडवताना माझ्या डोक्यात उजेड पडला. वेल्डिंगच्या गनमधून तारेबरोबर गॅस येतो. तो वितळलेल्या लोखंडावर छत्री धरतो, हवा आत शिरू देत नाही. छत्री उडाली की हवा शिरते, आणि थंड होताना तिचे बुडबुडे छिद्रं होऊन राहतात. जो पंखा माझ्या हातातला जाड कागद पळवतो, तो गॅसची काय गत करत असेल?

पंखे कधी आले? मार्चमध्येच. मग रजिस्टरला नोंद का नाही? कारण पंखा म्हणजे ना माणूस, ना मशीन, ना माल, ना पद्धत. तो कामगार कल्याण खात्यातून आला होता, त्याची नोंद तिकडच्या फाईलला, पिण्याच्या पाण्याच्या कूलरशेजारी. मी माझं रजिस्टर बघितलं आणि जगात दुसरं काही बदललंच नाही असं धरून चाललो. आणि हे पंखे आणले कोणी? बापूंनी. दोन दिवस कामगारांना घेऊन ऑफिससमोर बसले होते. त्याचाही फ्लेक्स लागला होता: ‘बापूंच्या लढ्याला यश’.

जुन्या शेडमध्येही तेच पंखे आले होते, पण तिथे छिद्रं नव्हती. तिथे प्रत्येक वेल्डरभोवती वर्षानुवर्षांचा पत्र्याचा आडोसा होता. नव्या शेडमध्ये आडोसे लावायचे राहून गेले होते. म्हणून जुन्या शेडकडे बोट दाखवून ‘बघा, आपल्या माणसांच्या हाताला गुण आहे’ असं म्हणता येत होतं. म्हणणाऱ्यांत मीही होतो.

पण मला वाटलं म्हणजे झालं असं आमच्या कामात चालत नाही. सिद्ध करायचं तर अदलाबदल करावी लागते. माणूस बदलला की दोष माणसाबरोबर जातो की जागेवर राहतो? मी माणिकला जुन्या शेडमध्ये नेलं आणि तिथला सगळ्यात चांगला हात, संतोष, याला नव्या शेडमध्ये पाठवलं. संतोष बापूंचा मेव्हणा.

‘‘मी?’’ संतोष म्हणाला. ‘‘माझ्या वेल्डला भोक? साहेब, माझा वेल्ड बघून पोरं शिकत्यात.’’

‘‘म्हणून तर तुला पाठवतोय.’’

एका शिफ्टमध्ये संतोषच्या वेल्डला छिद्रंच छिद्रं. माणिकचे वेल्ड जुन्या शेडमध्ये स्वच्छ. संतोषनं हातमोजे टेबलावर आपटले, घामानं भिजलेला शर्ट पिळला आणि माझ्याकडे न बघता गेला. दुसऱ्या दिवशी चार तास पंखे बंद ठेवून पाहिलं. छिद्रं नाहीत, पण दोघांना चक्कर आली. पंखे चालू, छिद्रं चालू. माझ्या मनात आता कसलीही शंका उरली नव्हती.

इथून पुढे खरी गंमत. मी आधी प्लांट हेडकडे गेलो. ते ऐकता ऐकता खुलले. ‘‘उत्तम! म्हणजे पंखे काढून टाका. युनियनच्या मागण्या मान्य केल्या की दर्जा जातो, मी म्हणतच होतो.’’

‘‘साहेब, जुन्या शेडमध्ये पंखे आहेत आणि दर्जाही आहे. पंखा की दर्जा, असा सवालच नाही. आडोसे लावा.’’

‘‘वाळिंबे, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूला आहात? आमच्या की त्यांच्या?’’

‘‘वेल्डच्या,’’ मी म्हटलं. हे वाक्य मला तिथल्या तिथे सुचलं, याचा आजही अभिमान आहे. साहेबांनी मात्र ‘‘बघू’’ म्हणून फाईल मिटली.

मग फाटकाबाहेरच्या टपरीवर बापूंना गाठलं. सगळं सांगितलं. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला, प्याले.

‘‘संत्याचा त्या दिशी जीव ठिकानावर नसंल.’’

‘‘आणि माणिकचा जुन्या शेडमध्ये होता?’’

‘‘साहेब, समदा गाव म्हनतोय भाईरच्यांमुळं झालं. समदा गाव येडा व्हय?’’

‘‘गावाला कुणी सांगितलं? फ्लेक्सनं. फ्लेक्सला कुणी सांगितलं? मी. आणि मी चुकलो, बापू. मीच सांगतोय तुम्हाला.’’

बापूंनी बशी खाली ठेवली. ‘‘तुमी बोलूच नका. तुमचं गाव कंचं? सातारा. तुमी बी भाईरचेच की! म्हनून त्यांची कड घेताय.’’

‘‘मी बाहेरचा आहे ना? मग बाहेरच्याची रेघ वीस फुटी करून चौकात कशी लावलीत?’’

बापू हसले. मनापासून हसले, ते त्यांचं मोठेपण. पण म्हणाले, ‘‘सोमवारी ठराव हुनार. पंखं माझं हायेत. माझ्याच तोंडानं मी सांगू का, पंख्यानं वाटोळं केलं म्हनून?’’

तोवर आणखी एक गोष्ट घडून गेली होती. फ्लेक्स वाचून त्या अकरांतले तिघे रविवारच्या आतच निघून गेले. कोणी काढलं नव्हतं; काढण्याआधी गेलेलं बरं, असा विचार. त्यांची नावं मला माहीत होती, कारण त्यांची नावं मीच रजिस्टरला लिहिली होती. ते कुठे गेले, पुढे कुठे लागले, हे मी बरेच दिवस विचारत राहिलो. कोणाला माहीत नव्हतं. माझ्या नोकरीत चुकीनं परत पाठवलेला माल मी फोन करून परत मागवलाय. यांना फोन कुठे लावणार?

सोमवारी दुपारी तीनला गेट मीटिंग झाली. कायम कामगार फाटकाच्या आत, कॉन्ट्रॅक्टवरचे बाहेर. एका टेम्पोच्या हौद्यात टेबल, त्यावर माईक. बापूंच्या भाषणाआधी मी हौद्यात चढलो. चढताना पँट कडीला अडकून फाटली, पण आता मागे फिरणं अधिक धोक्याचं होतं, म्हणून पुढे तोंड करून बोलायला लागलो. गॅस, छत्री, बुडबुडे. दोन मिनिटांत लोक मोबाईल बघायला लागले. पुढून एक जण ओरडला, ‘‘साहेब, मानसाला कळंल असं सांगा राव!’’

मी कागद खिशात घातला. म्हटलं, ‘‘मार्चमध्ये अकरा वेल्डर आले आणि छिद्रं वाढली, म्हणून मी रेघ मारली. त्याच महिन्यात पंखेही आले. आणि त्याच महिन्यात मी हा नवा चष्मा केला.’’ चष्मा काढून दाखवला. ‘‘रेघ तीच, जागा तीच. खाली ‘वाळिंबेंनी चष्मा घातला’ असं लिहिलं असतं तर तुम्ही आज माझा चष्मा कंपनीतून हाकलायचा ठराव केला असता. एका पाठोपाठ दोन गोष्टी आल्या म्हणजे पहिलीनं दुसरी केली असं होत नाही. ते तपासावं लागतं. तपासायचं काम माझं होतं. मी न तपासता सही केली. चूक माझी आहे, त्या माणसांची नाही.’’

हसले लोक. चांगले हसले. एक-दोघांनी टाळ्याही वाजवल्या, आणि त्या माझ्या फाटक्या पँटला नव्हत्या असं मी धरून चालतो. मग बापूंनी माईक घेतला. क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग समोर. ‘‘गड्यांनो! पंखं कोनी आनलं?’’ लोक म्हणाले, ‘‘बापूंनी!’’ ‘‘मंग आडोसं बी बापूच आननार! मॅनेजमेंटनं आठ दिसांत आडोसं लावलं न्हाईत, तर बापू हितंच बसनार!’’ एकच जल्लोष. माणसं काढायचा ठराव कोणी वाचलाच नाही. आठ दिवसांत आडोसे लागले, छिद्रं थांबली, आठ वेल्डर राहिले आणि चौकात नवा फ्लेक्स आला: ‘बापूंमुळेच आडोसा!’ यावेळी माझी सही नव्हती. सुनंदानं तो मुद्दाम रिक्षा थांबवून पाहिला.

पुढे सात वर्षं मी ही गोष्ट लोकांना सांगत आलो. निरोप समारंभात सांगितली, सोसायटीच्या गणपतीत सांगितली. दर वेळी चष्म्याचा विनोद जरा आणखी घासून चकचकीत केला. गोष्टीचा शेवट ठरलेला: मी बोललो, आणि माणसं राहिली.

या वर्षी मे महिन्यात माणिकरावांनी कुरुळीत स्वतःचं दोन खोल्यांचं घर बांधलं. आता ते कंपनीत कायम आहेत, नव्या शेडचे सुपरवायझर आहेत. वास्तुशांतीला आम्ही दोघं गेलो. पंगतीत बसलो आणि त्यांच्या मुलीनं, म्हणजे तेव्हा आठवीत जायची होती तीच, आता इंजिनिअरिंग शिकते, वाढता वाढता विचारलं, ‘‘काका, काकू म्हणाल्या ती तुमच्या चष्म्याची गोष्ट सांगा ना.’’ मी काय सोडतो? सगळी सांगितली, हातवाऱ्यांसकट.

संपल्यावर माणिकराव जरा संकोचून म्हणाले, ‘‘साहेब, तुमच्या निरोपाला मी शिफ्टला होतो. ते चष्म्याचं आज कळलं मला.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘आमी फाटकाच्या बाहेर होतो की. बाहेरचा भोंगा बंद पडला होता त्या दिवशी. तुमी चष्मा काढून हलवायलात एवढंच दिसलं. आमाला वाटलं, रडायलात.’’

सुनंदाला ठसका लागला.

‘‘पण तुम्ही राहिलात ते भाषणामुळेच ना?’’ मी म्हटलं.

माणिकरावांनी पायसाचं पातेलं खाली ठेवलं. ‘‘आता सांगायला हरकत नाही. आदल्या दिवशी रविवारी संतोष बापूंच्या घरी गेला होता. म्हणला, दाजी, त्या शेडला मी एक शिफ्ट उभा राहिलो. माझ्या वेल्डला भोकं पडली. त्यांना काढताव तर मला बी काढा. बहिणीसमोर म्हणला. बापूंनी रात्रीतच ठराव फाडला. तुमी हौद्यात चढलात तवा ठराव नव्हताच, साहेब.’’

सात वर्षं. गणपती, निरोप समारंभ, कुठे कुठे. आधी मी बोललो, नंतर माणसं राहिली, आणि मी पुन्हा एकदा मधोमध लाल रेघ मारून खाली दोन टिंबांची सही केली होती. मी पुरी तोडत राहिलो.

मुलगी वाढणं थांबवून ऐकत होती. म्हणाली, ‘‘पण संतोषकाका त्या शेडला उभे कशाला राहिले?’’

‘‘मी पाठवलं म्हणून,’’ मी म्हटलं. छाती पुन्हा थोडी वर आली.

‘‘आणि तुम्ही का पाठवलं?’’

मी उत्तर देण्याआधी तिच्या वडिलांकडे पाहिलं; ‘त्याची रेघ कुठंय?’ हे माझ्या दारात येऊन त्यांनीच विचारलं होतं. ते खाली वाकून माझ्या पानात न मागितलेली आणखी एक पुरी वाढत होते.

‘‘साहेबांना जेवू दे की गं,’’ ते म्हणाले.